हमारी बाई

तिला मी जन्मभर बाई म्हणत आलो. एवढं एक वाक्य लिहून मागे कितीदा तरी मी कागद बाजूला सारला आहे. आज सारणार नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बायको. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ग्वाल्हेरला आली आणि पुन्हा कधी दक्षिणेत गेली नाही. वडील शिलेदार, म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन रिसाल्यात चाकरी करणारे. किला गेटपाशी आमचं बैठं घर होतं आणि घरापेक्षा मोठा तबेला. बाईला मूल झालं नाही. तेव्हा तिनंच वडिलांसाठी दुसरी मुलगी शोधली. "तुझी आई मी निवडून आणली," असं ती मला सांगायची. "किती पोरी बघितल्या. एक लाजाळू, एक रडवी, एकीला बापाचंच कौतुक. तुझी आई तेवढी माझ्याकडं बघून हसली. म्हटलं, हीच."

सवतीला माझी आई बाई म्हणायची, कारण आमच्यात धाकटीनं थोरलीला नावानं हाक मारायची नसते. मी बोलायला शिकलो ते आईचं ऐकून, म्हणून मीही बाई म्हणू लागलो. मग आई तापानं गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. तिच्याकडून माझ्याकडे आलं ते एवढंच, ही एक हाक.

आळीतल्या बायका मला सांगत, आता हिला आई म्हण. बाई त्यांना गप्प करायची. "त्याच्या तोंडात लगाम घालू नका. म्हणायचं तेव्हा म्हणेल."

तिचं सगळं बोलणंच तबेल्यातलं. जेवलास का, असं तिनं मला कधी विचारलं नाही. "चंदी खाल्ली का?" असं विचारायची. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. मला ती शिंगरू म्हणायची. शाळेत गणित अडलं की म्हणायची, "अडू दे. अडलेल्या तट्टाला मारायचं नसतं, त्याच्या बाजूला उभं राहायचं." आणि खरंच येऊन बाजूला उभी राहायची. गणितातलं तिला काही कळत नव्हतं. तरी ते सुटायचं.

मी शाळेत असतानाच वडीलही गेले. त्यांची तांबडी घोडी बाईनं विकली नाही. म्हातारी होऊन ती घोडी मेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मग रिकामा तबेला बाईनं टांगेवाल्यांना दिला. किला गेट ते शहरातला लष्कर भाग अशा फेऱ्या करणारी घोडी आमच्याकडे बांधली जाऊ लागली आणि त्यांचं दाणापाणी, खरारा, खुरांची देखभाल बाई करू लागली. शिलेदाराची बायको भाड्याच्या टांग्यांची घोडी पोसते, हे आमच्या जातभाईंना खुपलं. मलाही खुपत होतं. तिला नव्हतं खुपत. "घोड्याला ठाऊक नसतं वर कोण बसलंय ते," ती म्हणायची.

टांगेवाल्यांत एक चाचा होते. तेव्हा तरुण होते, पण सगळे त्यांना चाचाच म्हणत. बाईची आणि त्यांची रोजची भांडणं व्हायची, आणि ती हिंदीवरून. बाईला हिंदी येतच नाही, असं आम्ही सगळे समजायचो. मराठीतलं नपुंसकलिंग हिंदीत कुठे ठेवायचं हे तिला उमगेना, मग ती दिसेल त्या गोष्टीला स्त्रीलिंगी करून टाकी. पाणी आलं की "पानी आई". घोडं आलं की "घोडा आई". एकदा तर खांद्यावर पाण्याची मसक घेतलेला दाढीवाला भिश्ती दारात उभा राहिला आणि ही आतून ओरडली, "अरे, भिश्ती आई!"

चाचा खरारा टाकून हसत बसले. "आई नहीं बाई, आया. भिश्ती आया. बोलो, आया."

"आई," बाई म्हणाली.

"अरे, मरद है वो."

"मग असू दे मरद. मैं घोडा संभालूं के तुम्हारा बोली?"

"तुम्हारी बोली."

"तेच ते."

हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. टांगा फाटकातून आत शिरला की चाचा मुद्दाम विचारायचे, "बोलो बाई, कौन आया?" आणि ती मुद्दाम म्हणायची, "तू आई." तिनं कधी 'आया' म्हटलं नाही. हट्टानंच नाही.

मी नऊदहा वर्षांचा असेन. तापानं फणफणलो होतो. गोधडी पातळ वाटली म्हणून तिनं घोडीची झूल माझ्यावर घातली होती. त्या झुलीचा वास, कपाळावर ओलं फडकं, आणि तिचं पुटपुटणं, "हो, हो, उभं राहा, उभं राहा," जे ती बिथरलेल्या घोडीशी बोलायची तेच. त्या ग्लानीत कधीतरी मी तिला आई म्हणालो. मला ते स्वच्छ आठवतं. शब्द तोंडातून गेला आणि कपाळावरचा हात जागच्या जागी थांबला.

ताप उतरल्यावर पेज भरवताना ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तापात तू मला काय म्हणालास, ध्यानात आहे का?"

मला लाज वाटली. का वाटली ते आजही नीट सांगता येणार नाही. मेलेल्या आईचं काहीतरी उचलून दुसऱ्याला दिल्यासारखं वाटलं असेल.

"नाही," मी म्हणालो.

"काही नाही. पाणी मागत होतास." वाटी खरवडून शेवटचा घास तिनं माझ्या तोंडात घातला. "तापात घोडं आणि माणूस खोटं वागत नाही, एवढं मात्र खरं."

तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. पण तिला तो शब्द एकदा, मी शुद्धीवर असताना, ऐकायचा होता. हे मला त्याच दिवशी कळलं, पेज गिळता गिळता. नंतर कळलं असं म्हणायची सोय मला नाही. देऊ कधीतरी, असं मी मनाशी म्हटलं. घाई काय होती? ती कुठे जाणार होती?

मॅट्रिक झालो आणि दरबारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागलो. बाईनं त्या दिवशी तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना गूळ खाऊ घातला. लग्न झालं. किला गेटहून लष्करात रोजची ये-जा नको म्हणून मी नई सडकेच्या मागे एक घर भाड्यानं घेतलं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे एक अरुंद गल्ली, जिच्यातून संडास साफ करायला मेहतर येई. बाईला मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "आणि ही माझी लेकरं कुठं बांधू? तुझ्या बैठकीत?" मी आग्रह केला नाही. हेही लिहून ठेवतो. मी आग्रह केला नाही आणि ती नाही म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

सणावाराला ती यायची. चाचांच्या टांग्यातून, पुढे चाचांच्या शेजारी बसून, मागची बैठक गिऱ्हाइकांसाठी सोडून. पुढच्या दारानं यायची. दारातूनच हाक मारायची, "शिंगरू आहे का घरात?" शेजारपाजारचे हसायचे. माझी बायको धावत जाऊन तिच्या पाया पडायची.

दसऱ्याला आमच्याकडे रीत अशी की शमीची पानं, म्हणजे सोनं, आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, पाया पडायचं, आणि मग बाकीच्यांना वाटायचं. वडील गेल्यापासून पहिलं सोनं मी बाईला देत आलो होतो.

त्या दसऱ्याला मी आमच्या साहेबांना सहकुटुंब चहाला बोलावलं होतं. साहेब पूर्वेकडचे, हिंदी बोलणारे, वागायला सभ्य. खात्यात हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. मी शेजाऱ्याचा गालिचा मागून आणून बैठकीत घातला होता. आणि साहेबांशी ओळख वाढवताना मी एक फुशारकी मारून ठेवली होती, की आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडे आहेत. खोटं नव्हतं ते. अजूनही आहेत, असंही म्हणालो होतो. तेही खोटं नव्हतं.

साहेब चहाचा पेला तोंडाला लावत म्हणाले, "और भाई, आपके घोडे कब दिखाइएगा?"

तेवढ्यात बाहेर टांगा थांबला. आणि बाई दारात आली. जुनं धुवट लुगडं, कासोटा घट्ट, केसात गवताची एक काडी, अंगाला तबेल्याचा वास. ओंजळीत शमीची पानं. तिला पाहुण्यांचं काही नव्हतं. सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाली, "शिंगरा, हात पुढं कर. या वर्षी मीच आधी देते. म्हातारी झाले, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं."

मी हात पुढे केला नाही.

साहेबांच्या पत्नीनं विचारलं, "ये कौन हैं?"

त्या क्षणात मला सगळं दिसलं. ही माझी आई आहे म्हटलं की ती घोड्यांबद्दल बोलणार, टांगेवाल्यांबद्दल बोलणार, भिश्ती आई म्हणणार. मी म्हणालो, "हमारी बाई हैं."

आमच्या घरात या शब्दाइतका मानाचा शब्द नव्हता. त्यांच्या घरात बाई म्हणजे कामाला ठेवलेली बाई. हे मला ठाऊक होतं. ग्वाल्हेरात जन्मलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ठाऊक असतं.

"बडी पुरानी लगती हैं," त्या म्हणाल्या.

"जी, बचपन से हैं."

"आपको भी इन्होंने ही पाला होगा?"

"जी. इन्होंने ही."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

"ऐसे लोग अब कहां मिलते हैं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरचं मूल किरकिर करत होतं. "बाई, जरा इसे ले लो. हमारी आया आज छुट्टी पर है."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घोड्याच्या खुरात खडा रुतलाय का हे बघताना ती जशी बघायची तसं, बारकाईनं, जरा वाकून. मग तिनं ओंजळीतली पानं कोनाड्यात ठेवली, पदरानं हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "लाइए, बहूजी."

मूल घेऊन ती आत गेली. थोड्या वेळानं चहाचे पेले उचलायला तीच आली. माझी बायको दाराआड उभी होती, तिच्या हातातून बाईनं तबक ओढून घेतलं असावं. पेले उचलताना बाई हलक्या आवाजात म्हणाली, "बच्चा सो गया है, बहूजी. जगाइएगा मत." त्या संध्याकाळी तिच्या हिंदीत एक चूक झाली नाही.

साहेब गेल्यावर मी कोनाड्यातली पानं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती पेले विसळत होती. मी पानं पुढे केली.

"हात ओले आहेत," ती म्हणाली. "ठेव तिथंच." मग पेल्याकडे बघतच, "साहेब भला वाटतो. चाबूक मारणाऱ्यातला नाही. दाणा देईल तुला."

"बाई, मी..."

"घाबरलं की घोडं असंच बाजूला होतं. त्याचं काय एवढं."

ती निघाली तेव्हा मी पुढच्या दाराकडे वळलो. ती मागचं दार उघडून गल्लीत उतरली. "इकडून चाचाचा टांगा जवळ पडतो," म्हणाली. चाचाचा टांगा पुढे उभा होता. सगळ्यांना दिसत होता.

रात्री जेवणाची पानं वाढताना बायको मला म्हणाली, "तुम्ही कुठं खोटं बोललात? बाईंना बाईच तर म्हणालात." एवढंच. या गोष्टीवर ती पुन्हा बोलली नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

जागा मला मिळाली.

हे एका दिवसाचं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. माणूस एखादे वेळी घसरतो, दुसऱ्या दिवशी जाऊन पाय धरतो. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. दिवाळीला ती आली ती गल्लीतून, मागच्या दारानं. मागच्या अंगणातून हळूच विचारलं, "कुणी आहे का?" म्हणजे पाहुणे आहेत का. पाहुणे होते. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि चुलीपाशी बसली.

त्यानंतर ती पुढच्या दारानं कधी आली नाही. शिंगरू आहे का, ही हाकही गेली. मेहतर ज्या वाटेनं येई त्या वाटेनं ती येत राहिली, सणाला, बारशाला, मुलांच्या आजारपणात, वर्षानुवर्षं. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर सोय झाली होती. साहेबलोक येत, तबक घेऊन बाई येई, कुणी काही विचारत नसे, मला काही सांगावं लागत नसे. तिनं ते सोंग माझ्यासाठी इतकं नीट निभावलं की हळूहळू ते सोंग राहिलंच नाही. दसऱ्याला ती पानं माझ्या मुलांच्या हाती देई आणि मुलं ती मला आणून देत.

धाकटी मुलगी एकदा ओट्यावर मैत्रिणीला सांगत होती, "हमारे यहां एक बाई आती है, घोडेवाली. बहुत मजेदार है." मैत्रीण म्हणाली, "तुम्हारी दादी है?" "नहीं रे, बाई है." मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. ते वाचत राहिलो.

एकटा असलो की मी ठरवायचो. रविवारी किला गेटला जाऊ, तबेल्यात ती एकटी असेल, तेव्हा तो एक शब्द म्हणू. कुणी ऐकायला नसेल. गेलोही पुष्कळ वेळा. ती विचारायची, "चंदी खाल्ली का?" आणि तिच्या तोंडी तो प्रश्न तसाच ऐकला की वाटायचं, काही बिघडलेलं नाही, उगाच कशाला उकरायचं. शब्द ओठांपर्यंत यायचा. इतक्या उशिरा म्हटला तर त्याचा अर्थ माफी असा होईल, आणि माफी म्हटली की गुन्हा कबूल. मी गूळ घोड्यांना घालून परत यायचो.

थंडी सरत होती तेव्हा एका सकाळी चाचा आले. आता तेही म्हातारे झाले होते. पुढच्या दारात उभे राहून म्हणाले, "भैया, बाई की तबियत ठीक नहीं है. चलो."

ती तबेल्याला लागून असलेल्या खोलीत पडली होती. ताप होता, छातीत घरघर होती. वैद्यानं मान हलवली. मी रजा घेतली आणि तिथेच राहिलो. बायको येऊनजाऊन होती, चाचांच्या घरची माणसं होती. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होतो. भिंतीपलीकडे घोडी पाय आपटायची, तेवढ्यानं तिची मान त्या बाजूला वळायची.

एका दुपारी तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. अंग तव्यासारखं तापलेलं. ती धडपडून उठायला लागली. मी तिला धरलं.

"साहेब," ती म्हणाली, "मागल्या दारानंच आलेय हो. पुढून नाही आले."

"बाई, मी आहे."

"कुणी बघितलं नाही येताना. पदर होता."

"बाई, मी. शिंगरू."

ती जरा हसल्यासारखी झाली. "शिंगरू लष्करात असतं, साहेब. मोठ्या घरात. त्याला कळवू नका. उगाच टांग्यानं धावत येईल."

खोलीत चाचांची सून होती, दारात चाचा होते. मी तिचा हात धरून बसलो. तेव्हा तरी म्हणायचं होतं. तोंड उघडून मी तिला पाणी हवंय का विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, घोड्यांना दाणा घालायच्या वेळी, ती गेली. त्या दुपारनंतर तिनं मला साहेबच म्हटलं.

दहाव्याला किल्ल्याच्या पायथ्याच्या तळ्यावर गेलो. डोकं, मिशी सगळं उतरवलं होतं. चार जातभाई होते, चुलते होते, काही टांगेवाले होते. पिंड मांडून झाले. भटजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. आम्ही वरच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलो. चिंचेवर कावळे होते, पण एकही उतरेना.

आमच्यात अशा वेळी मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा मोठ्यानं बोलून पुरी करायचं वचन देतात. चाचांना इतक्या वर्षांत ही रीत ठाऊक झाली होती. ते माझ्या शेजारी उभे होते. तेच आधी बोलले, "बाई, घोडों की फिकर मत करो. चना हम डालेंगे. गुड भी." कावळे तसेच. चुलते म्हणाले, "नातवंडांत जीव अडकला असेल. त्यांना आम्ही सांभाळू हो." काही नाही. ऊन चढत होतं. भटजी घाम पुसत म्हणाले, "मुलानं बोलावं."

मुलानं. भटजी किला गेटचे, त्यांना कोण कुणाचं हे माहीत होतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तिची काय इच्छा राहिली होती हे त्या पायऱ्यांवर फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं, लांबलचक, सगळ्यांपुढे बोलायचं. त्यातला पहिला शब्द तेवढा आला. तोही पुरता मोठ्यानं नाही.

"आई," मी म्हणालो.

चिंचेवरून एक कावळा उतरला, पिंडाशी आला, चोच मारली. तो आधी हलला की शब्द आधी बाहेर पडला, हे मला आजतागायत सांगता येत नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणी म्हणालं, "शिवला. शिवला. सुटली म्हातारी."

माझा शब्द एकट्या चाचांनी ऐकला होता. त्यांची नजर कावळ्यावर होती, डोळे भरले होते, आणि ते हसत होते.

"आई नहीं, भैया," ते म्हणाले. "कौआ है. आया. तुम भी बिलकुल बाई पर गए हो."

मागे टांगेवाले हसले. त्यांनाही ते जुनं भांडण ठाऊक होतं. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना तिची आठवण काढायची होती, दुसरं काही नाही.

"बोलो," ते हळूच म्हणाले, तबेल्याच्या फाटकात तिला म्हणायचे तसं. "आया."

हा शब्द मी आमच्या बैठकीत ऐकला होता, साहेबांच्या पत्नीनं मूल तिच्या हातात दिलं तेव्हा. चाचांना नीट सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी कावळ्याबद्दल नव्हतो बोलत, चाचा, एवढंच. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते.

"आया," मी म्हणालो.

"हां," चाचा म्हणाले. "अब ठीक है."